ज्या बर्कलीत शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावलं, त्याच बर्कलीत आज कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचं शहर आहे. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांपैकी एक तिथं आहे, त्यामुळे शिकायला जाणाऱ्या मराठी पोरांना हे नाव चांगलंच माहितीये. या शहराच्या अगदी मध्यावर, शॅटक अव्हेन्यू या मुख्य रस्त्याचा एक छोटा तुकडा आहे. २०२० साली शहराच्या कौन्सिलने ठरवलं की या तुकड्याचं नाव बदलायचं. नवीन नाव काय, तर कला बगाई वे.

आता तुम्ही म्हणाल, या कला बगाई कोण? कुठल्या शास्त्रज्ञ? नेत्या? लेखिका?

तर यातलं काहीच नाही. कॉलेजची पदवी नाही, निवडणूक नाही, पुस्तक नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या तीन मुलांना घेऊन नवऱ्यासोबत अमेरिकेत आल्या, तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पुढे त्या जवळपास ६८ वर्षं त्याच देशात राहिल्या. मधल्या काळात त्या देशाने त्यांच्या नवऱ्याला नागरिक केलं, मग ते नागरिकत्व काढून घेतलं आणि त्या धक्क्यात नवरा गेला.

इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या नवऱ्याचं नाव बऱ्याच वेळा येतं. पण तो गेल्यावर मागे राहिलेली बाई पुढची ५५ वर्षं कशी जगली, हा प्रश्न फार कमी जणांना पडतो. आज तीच गोष्ट सविस्तर बघू.

अमृतसरची मुलगी, पेशावरची सून

कला यांचा जन्म १८९२ सालचा, गाव अमृतसर. त्या काळातल्या रिवाजाप्रमाणे लग्न लवकर झालं. लवकर म्हणजे किती, तर नवरी ११ वर्षांची आणि नवरा १२ वर्षांचा. नवऱ्याचं नाव वैष्णो दास बगाई. घराणं पेशावरचं, खाऊनपिऊन सुखी.

पेशावर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचं वायव्येकडचं टोक होतं. खैबर खिंड जवळ, त्यामुळे इंग्रजांच्या फौजेचा कायम राबता. अशा ठिकाणी वाढलेल्या वैष्णो दास यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. परक्या लोकांच्या राज्यात आपली पोरं मोठी होऊ द्यायची नाहीत.

मग जायचं कुठं? तर अमेरिकेला.

यामागे एक कारण होतं. १९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली होती आणि सॅन फ्रान्सिस्को हे तिचं मुख्य ठिकाण होतं. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि शेतात राबणारे पंजाबी मजूर आणि विद्यापीठांत शिकणारे तरुण एकत्र येऊन इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करत होते. यात आपल्याकडची माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते, पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे उठावासाठी भारतात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले.

वैष्णो दास यांना याच चळवळीची ओढ होती. त्यांनी घरातली मालमत्ता विकून पैसा उभा केला आणि बायकोला, ब्रिज, मदन आणि राम या तीन मुलांना घेऊन जहाज पकडलं.

नाकातल्या हिऱ्याची बातमी

सप्टेंबर १९१५ मध्ये हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पोहोचलं. पण पोहोचलं म्हणजे लगेच शहरात शिरलं असं नाही. खाडीत एंजल आयलंड नावाचं एक बेट आहे आणि १९१० पासून पॅसिफिकच्या बाजूने येणाऱ्यांची तपासणी तिथं व्हायची. युरोपमधून न्यूयॉर्कला उतरणारी बहुतेक माणसं एलिस आयलंडवर काही तासांत मोकळी व्हायची. एंजल आयलंडवर मात्र आशियाई माणसांना दिवसेंदिवस, कधी कधी महिनोन्‌महिने अडकवून ठेवायचे. किती शिकलात, रोग आहे का, खिशात पैसे किती, असले प्रश्न चालायचे. काही करून परत पाठवता येईल का, याच नजरेने तपासणी व्हायची.

बगाई कुटुंबालाही थांबवलं गेलं. बायकामुलांना घेऊन येणारा भारतीय त्या अधिकाऱ्यांनी फारसा पाहिलेलाच नव्हता. येणारे असायचे ते एकटे पुरुष. पण वैष्णो दास यांच्याकडे २५,००० डॉलर होते. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. पैसे दाखवल्यावर पुढचा रस्ता मोकळा झाला.

शहरात उतरल्यावर तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांची बातमी छापली. बातमीचा मुख्य विषय काय होता, तर कलाबाईंच्या नाकातला हिरा. अमेरिकन वाचकांना नाकात दागिना घालतात हीच मोठी गंमत वाटली. गेल्या दहा वर्षांत शहरात आलेली ही पहिली हिंदू स्त्री, असंही त्या बातमीत म्हटलं होतं. तेव्हा अमेरिकेत धर्म कुठलाही असो, भारतातून आलेल्या सगळ्यांना सरसकट हिंदूच म्हणायचे.

या बातमीत गंमत असली तरी तिच्यातून एक गोष्ट कळते. या शहरात कलाबाईंशी त्यांच्या भाषेत बोलणारी दुसरी बाई शोधूनही सापडणं अवघड होतं. सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण नाही. भाजी आणायला जायचं तर भाषा येत नाही. दोन वर्षांनी, म्हणजे १९१७ साली, अमेरिकेने नवीन कायदा करून आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांसाठी दारच बंद केलं. भारतही त्यात होता. म्हणजे मागून आपल्या गावाकडचं कुणी येईल ही आशाही संपली.

नवीन घर आणि शेजाऱ्यांचं कुलूप

पैसा हातात होता म्हणून बगाईंनी खाडीपलीकडे बर्कलीत घर घेतलं. शांत शहर, बऱ्या वस्तीतलं घर, पोरांना खेळायला जागा. सामान गाड्यांवर लादून सगळे तिथं पोहोचले, तर समोर बघतात काय, शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून टाकलेलं. आपल्या वस्तीत हे सावळे लोक नकोत, हा त्याचा सरळ अर्थ.

कायद्याने घर त्यांचं होतं. भांडता आलं असतं, पोलिसांना बोलावता आलं असतं. पण कलाबाईंनी तिथं राहायला नकार दिला. असल्या लोकांच्या शेजारी आपण राहिलो तर उद्या हे आपल्या मुलांना इजा करतील, ही भीती त्यांना वाटली. आईच्या मनाने केलेला हा हिशोब होता. गाड्या तशाच माघारी फिरल्या.

मग सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फिलमोर स्ट्रीटवर त्यांनी दुकान टाकलं. नाव ठेवलं बगाईज बझार. खाली दुकान आणि वर घर. वैष्णो दास यांनी अमेरिकन व्हायचं मनावरच घेतलं होतं. सूटबूट घालायचे, इंग्रजी उत्तम बोलायचे, पोरांना तिथल्या शाळेत घातलं. एकीकडे गदरच्या मंडळींशी संबंध आणि दुसरीकडे नव्या देशात पाय रोवायची धडपड. १९२१ साली त्यांना अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं.

कुटुंबाचं बस्तान बसलं असं वाटत असतानाच एका कोर्टकेसने सगळं उलटं केलं.

एका निकालाने नागरिक परके झाले

ही केस समजून घ्यायची तर १७९० पर्यंत मागे जावं लागतं. त्या साली अमेरिकेने कायदा केला की परदेशातून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींनाच नागरिक होता येईल. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पण आशियाई लोकांचं काय? आणि गोरा म्हणजे नेमका कोण? याचं उत्तर कायद्यात नव्हतं. त्यामुळे एका कोर्टात भारतीयाला नागरिकत्व मिळायचं आणि दुसऱ्या कोर्टात नाकारलं जायचं.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाची केस सुप्रीम कोर्टापुढे आली. माझी कातडी कितीतरी युरोपियनांइतकीच गोरी आहे, असा त्यांचा मुद्दा. कोर्ट म्हणालं, कातडीचा रंग चालणार नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा.

तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, भगतसिंग थिंद यांच्या केसचा निकाल लागला. थिंद मूळचे अमृतसर जिल्ह्यातले, म्हणजे कलाबाईंच्या माहेरच्या भागातले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या लष्करात होते. तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच मानायचे, म्हणून थिंद यांच्या बाजूने तोच आधार घेतला गेला. तेव्हा त्याच कोर्टाने पलटी मारली. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, साधा माणूस गोरा कुणाला म्हणतो ते महत्त्वाचं, आणि साधा माणूस भारतीयाला गोरा म्हणणार नाही, असा निकाल दिला.

दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच होते, जॉर्ज सदरलँड. आणि ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले.

निकालाचा फटका फक्त नवीन अर्ज करणाऱ्यांना बसला असता तरी एकवेळ चाललं असतं. पण सरकारने ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं त्यांच्यावरही खटले भरायला सुरुवात केली. तुम्हाला नागरिकत्व चुकून दिलं, ते परत करा, असा हा प्रकार होता. अनेक भारतीयांची कागदपत्रं अशी रद्द झाली. वैष्णो दास बगाई त्यातले एक.

यात सखाराम गणेश पंडित या वकिलाचं नाव आवर्जून घ्यायला हवं. थिंद यांची केस त्यांनी लढवली होती. मग सरकार त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर आलं. पंडित हे प्रकरण लढले आणि १९२६ मध्ये वरच्या कोर्टात जिंकले. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला आणि ही मोहीम थंडावली. पण ज्यांची कागदपत्रं आधीच गेली होती, त्यांची गेलीच.

नागरिकत्व गेलं म्हणजे काय काय गेलं

तुम्हाला वाटेल, कागद गेला तर गेला, दुकान तर आहे ना. पण गणित तसं नव्हतं.

कॅलिफोर्नियात १९१३ पासून एक जमीन कायदा होता. ज्याला नागरिक होताच येत नाही अशा परदेशी माणसाने जमीनजुमला घ्यायचा नाही, असा त्याचा मथितार्थ. हा कायदा मुख्यतः जपानी शेतकऱ्यांना रोखायला केलेला, पण थिंद निकालानंतर भारतीयही आपोआप त्याच्या कचाट्यात सापडले. वैष्णो दास यांना घर आणि दुकान सोडावं लागलं.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. १९२८ मध्ये त्यांना नातेवाइकांना भेटायला भारतात जायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. सांगण्यात आलं की ब्रिटिश प्रजा म्हणून ब्रिटिश पासपोर्ट काढा आणि जा. आता ज्या माणसाने इंग्रजांचं राज्य नको म्हणून पेशावर सोडलं, नागरिक होताना ब्रिटिश राजाशी असलेली निष्ठा शपथेवर सोडली, गदरवाल्यांना साथ दिली, त्याला पुन्हा इंग्रजांच्याच दारात पासपोर्ट मागायला पाठवायचं. शिवाय गदरशी संबंध असलेल्याला ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारतात उतरणं धोक्याचंही होतं.

म्हणजे इथं राहायचं तर घर घेता येत नाही आणि मायदेशी जायचं तर गुलाम म्हणून जावं लागतं.

मार्च १९२८ मध्ये वैष्णो दास यांनी सॅन होजेमध्ये आपलं आयुष्य संपवलं. मागे पत्रं ठेवली. एक बायकोसाठी, मुलांसाठी आणि एक सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रासाठी. या देशाला आपलं घर समजून आलो, मुलांना इथलंच केलं आणि आता घरही नाही, जाण्याची वाटही नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र छापून आलं. आज अमेरिकेतल्या भारतीयांचा इतिहास शिकवताना ते पत्र हमखास वाचलं जातं.

पण पत्र जिथं संपतं, तिथं कलाबाईंचा पुढचा काळ सुरू होतो.

पुढची ५५ वर्षं

जरा परिस्थिती बघा. वय पस्तिशीच्या आसपास. तीन मुलं शिक्षणाच्या वयातली. माहेर सात समुद्रापार. नागरिकत्व नाही. इतकी वर्षं बाहेरचे सगळे व्यवहार नवऱ्याने बघितलेले. आणि ज्या देशाच्या कारभारामुळे नवरा गेला, त्याच देशात राहायचं की परत जायचं, हा निर्णय त्यांना एकटीने घ्यायचा होता.

परत जाणं सोपं वाटू शकतं, पण परत जाऊन काय वाट्याला आलं असतं? एक विधवा, आणि सगळं शिक्षण इंग्रजीत झालेली, अमेरिकेत वाढलेली तीन मुलं. पेशावरच्या घरात त्यांना काय जागा मिळाली असती हे सांगता येत नाही. कलाबाईंनी राहायचं ठरवलं.

त्यांनी पहिलं काम केलं ते रात्रशाळेत जाण्याचं. तिथं इंग्रजी शिकल्या. नवरा इंग्रजी बोलत होता तोवर निभावलं, आता बँकेचा माणूस, शाळेचे मास्तर आणि घरमालक या सगळ्यांशी स्वतः बोलावं लागणार होतं. हातात असलेला पैसा जपायला शिकल्या. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली, हे लक्षात घेतलं की पैसा जपणं म्हणजे काय ते कळतं. त्या मंदीच्या वर्षांतून वाट काढत त्यांनी तिन्ही मुलांना कॉलेजचं शिक्षण दिलं.

यात कुठंही मोठा प्रसंग नाही, भाषण नाही. रोज सकाळी उठायचं, मुलांचं बघायचं, संध्याकाळी वर्गात जाऊन बसायचं. वैष्णो दास यांनी हा देश निवडला तो मुलांसाठी. तो निर्णय शेवटपर्यंत निभावला कलाबाईंनी.

दुसरं लग्न

१९३० च्या दशकात त्यांनी आणखी एक धाडसी गोष्ट केली. महेश चंद्रा यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. चंद्राही कॅलिफोर्नियात राहणारे भारतीय, बगाई कुटुंबाच्या ओळखीचे.

आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही. पण आपल्याकडे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं उलटली तरी चांगल्या घरातल्या, मोठ्या मुलांच्या आईने पुन्हा लग्न करणं ही सहज पचणारी गोष्ट नव्हतीच. सातासमुद्रापार राहणारा छोटासा समाज तर अशा बाबतीत जास्तच जपून असतो, कारण प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत असतो. तरी त्यांनी ते केलं. आधीच्या नवऱ्याची आठवणही ठेवली आणि स्वतःचं आयुष्यही पुढे नेलं.

वर्षाला फक्त १०० माणसं, पण दार उघडलं

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बदलू लागली. जपानविरुद्ध लढताना अमेरिकेला आशियातले मित्र हवे होते, आणि मित्रांना कायद्याने कमी लेखणं अडचणीचं व्हायला लागलं. न्यूयॉर्कमध्ये इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांच्यासारखी माणसं वॉशिंग्टनच्या चकरा मारत होती. शेवटी २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली.

या कायद्याने दोन गोष्टी झाल्या. एक, भारतातून वर्षाला १०० माणसांना येण्याची परवानगी मिळाली. आकडा चेष्टा वाटावी इतका लहान. पण दुसरी गोष्ट फार मोठी होती. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आता नागरिक होता येणार होतं. वैष्णो दास यांनी ज्या गोष्टीसाठी जीव टाकला, ती त्यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी पुन्हा मिळायला लागली. कलाबाई यानंतर रीतसर अमेरिकेच्या नागरिक झाल्या. जहाजातून उतरून तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.

दरम्यान मागे राहिलेलं घरही बदललं होतं. १९४७ च्या फाळणीत माहेरचं अमृतसर भारतात राहिलं आणि सासरचं पेशावर पाकिस्तानात गेलं. ज्या एका देशातून त्या निघाल्या होत्या, त्याचे आता दोन झाले होते.

या कायद्याचा परिणाम किती खोल होता याचं एक उदाहरण बघा. अमृतसर जिल्ह्यातूनच आलेले आणि कॅलिफोर्नियात शेती करणारे दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. १९५६ मध्ये ते थेट अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. तिथं पोहोचलेले ते पहिले आशियाई. थिंद निकालापासून मोजलं तर मधे फक्त ३३ वर्षं.

सगळ्यांची मदर इंडिया

१९५० च्या दशकात कलाबाई दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला गेल्या. तोवर मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. या वयात कुणीही म्हणेल की आता आराम करावा. कलाबाईंनी उलट घराचं दार सताड उघडं ठेवलं.

तेव्हा भारत नुकताच स्वतंत्र झालेला. विद्यार्थी यायला लागले होते, हळूहळू डॉक्टर आणि इंजिनिअर यायला लागले. १९६५ मध्ये देशानुसार ठरवलेला जुना कोटा रद्द झाला आणि येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. विमानातून उतरलेल्या नवख्या पोराला सगळ्यात आधी काय हवं असतं? आपल्या चवीचं जेवण आणि आपल्या भाषेत विचारपूस करणारं कुणीतरी. १९१५ मध्ये कलाबाईंना स्वतःला हेच मिळालं नव्हतं.

त्या लोकांना घरी बोलवायच्या. नाटकं, कलेचे कार्यक्रम आणि मदतनिधीसाठी जेवणं भरवायच्या. या कार्यक्रमांत भारतीयांसोबत अमेरिकन मंडळीही असायची, आणि एकमेकांना दुरून बघणारी माणसं एका पंगतीत बसायची. हळूहळू तिथल्या भारतीयांनी त्यांना एक नाव दिलं, मदर इंडिया.

या नावामागे एक वेगळा इतिहास पण आहे. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेने याच नावाचं पुस्तक लिहिलं होतं. भारतीय लोक स्वतःचं राज्य चालवायच्या लायकीचे नाहीत असा त्याचा सूर होता आणि अमेरिकेत ते तुफान खपलं. गांधीजींपासून अनेकांनी त्याला सडकून उत्तर दिलं. वैष्णो दास गेले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. ज्या नावाने अमेरिकेत भारताची बदनामी झाली, तेच नाव काही दशकांनी तिथल्या भारतीयांनी एका आजीला प्रेमाने दिलं.

१९८२ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली गेली. लग्न, प्रवास, एंजल आयलंड, बर्कलीचं घर, सगळं त्यांनी सांगितलं. आज ती मुलाखत अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या डिजिटल संग्रहात जपून ठेवली आहे. त्या बोलल्या नसत्या, तर बर्कलीतल्या त्या कुलपाची गोष्ट त्यांच्यासोबतच संपली असती. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये त्या गेल्या.

रस्त्याला त्यांचंच नाव का?

बर्कलीत काही स्थानिक कार्यकर्ते शहरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा विस्मरणात गेलेला इतिहास पायी फिरवून सांगतात. त्यांच्या फेरीत ही गोष्ट सांगितली जायची. शहराने रस्त्याच्या त्या तुकड्यासाठी नवीन नावं मागवली तेव्हा या मंडळींनी कलाबाईंचं नाव लावून धरलं. २०२० मध्ये कौन्सिलने ते मान्य केलं आणि नंतर तिथं नवीन पाट्या लागल्या.

नाव द्यायचं तर वैष्णो दास यांचंही देता आलं असतं, थिंद यांचंही देता आलं असतं. त्यांचा लढा कायद्याच्या पुस्तकात आहे. पण बर्कलीशी हिशोब बाकी होता तो कलाबाईंचा. मुलांच्या काळजीने दारातून मागे फिरल्या होत्या त्या.

आज याच बे एरियात हजारो मराठी कुटुंबं राहतात. गणपती बसतात, रविवारी मराठी शाळा भरतात, दिवाळी अंकही पोहोचतात. व्हिसाची मुदत, ग्रीनकार्डची रांग, उद्या नियम बदलले तर काय, ही धाकधूक मात्र अजूनही त्या घरांत असतेच. नोकरी ज्याची असते त्याची चर्चा होते. सोबत आलेल्या बायकोने, आईने नव्या गावात घर कसं उभं केलं, एकटेपणाचं काय केलं, पोरांना कसं सांभाळलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

कलाबाईंची गोष्ट नव्वदीत का होईना, कुणीतरी विचारली म्हणून उरली. तुमच्याही घरात गाव सोडून दुसऱ्या मुलखात संसार थाटलेली एखादी आजी असेल. मग ते अमेरिकेत असो, नाहीतर कोकणातून गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत आलेली असो. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि तिला विचारा की पहिल्या दिवशी काय झालं होतं.